विंचू पायाला, घाव काळजाला

आपल्या भोर-वेल्ह्याच्या मावळात विंचवाचे दोन हंगाम असतात. पहिला उन्हाळ्याच्या शेवटचा. राबासाठी फांद्या आणि पालापाचोळा हलवायचा असतो, पावसाआधी कौले चाळायची असतात, सरपण आणि शेणी कोरड्या जागी रचायच्या असतात. हात सारखे अडगळीत जातात. दुसरा हंगाम भातकापणीचा. भारे उचलून खळ्यावर येतात, झोडणी होते, पेंढ्याची गंजी लागते आणि रात्री गुरांना वैरण टाकताना त्याच गंजीतून पेंढा ओढणाऱ्या हाताला एकदम काहीतरी डसते. घाटाखालच्या कोकणातील डॉक्टरांच्या नोंदीही हेच सांगतात. तिकडे एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत विंचूदंशाचे रुग्ण वाढतात.

साप चावला म्हटले की माणूस गाडी शोधतो. विंचू चावला म्हटले की चिंचोका शोधतो. ‘चोवीस तास ठणकणार आणि मग उतरणार’ असे घरातली म्हातारी माणसे सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. म्हणूनच विंचवाची आपल्याला कळ माहीत आहे, भीती माहीत नाही. नाथांच्या भारुडाने विंचू घराघरांत पोचवला, पण तो कामक्रोधाचा विंचू. पेंढ्यातला लाल विंचू वेगळा. तो माणसाला मारतो तो कळीने नव्हे. तो हृदय निकामी करून मारतो.

ही गोष्ट जगाला नीट कळली ती आपल्या अगदी शेजारी. भोरहून हिर्डोशीमार्गे वरंधा घाट उतरला की बिरवाडी लागते आणि पुढे महाड. या भागातल्या एका डॉक्टरने रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींतून हे संशोधन उभे राहिले. ती हकिकत आणि तिच्यातून आपल्या घराने घ्यायचा धडा, असा या लेखाचा विषय आहे.

दोन विंचू ओळखा

आपल्या शिवारात मुख्यतः दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा. याला पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर, पण याच्या दंशाने माणूस दगावणे फार विरळा. दुसरा लाल किंवा तांबूस-पिवळट, बोटभर लांबीचा, नांग्या बारीक आणि शेपटी मात्र जाड. भिण्यासारखा हा आहे. नांग्या बारीक आणि शेपटी जाड, तर विष जहाल, अशी ढोबळ खूण लक्षात ठेवावी.

विंचू रात्रीचा हिंडतो. दिवसा तो दगडी गडग्यात, तालीच्या सांधीत, शेणींच्या उडवीत, सरपणाच्या मोळीत, कौलाखाली, चपलेत किंवा खुंटीवरच्या कपड्यात बसून राहतो. मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते आणि ती थोडी मोठी होईपर्यंत पाठीवर घेऊन फिरते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने केली त्याने हे नीट पाहिलेले होते.

तरीही दंश झाल्यावर विंचू शोधत बसू नये. अंधारात रंग नीट कळत नाही आणि शोधणाऱ्यालाही दंश होण्याचा संभव असतो. विंचू कोणता हे पाहण्यापेक्षा माणसात काय दिसते ते पाहणे महत्त्वाचे.

पंप चालू, व्हॉल्व्ह बंद

लाल विंचवाचे विष रक्तात मिसळले की ते मज्जातंतूंना चेतवते. शरीरात ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. एरवी वाघ समोर आला तर पळण्याचे बळ देण्यासाठी ही द्रव्ये थोडी सुटतात. येथे ती बेसुमार सुटतात. त्यामुळे हातापायांच्या आणि अंगभरच्या लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते.

आता विहिरीवरच्या मोटारीचा विचार करा. मोटार पूर्ण वेगाने चालू आहे आणि पुढे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह कोणीतरी जवळजवळ बंद केला आहे. पंप तापतो, थरथरतो आणि थोड्या वेळाने दमतो. हृदयाचे तसेच होते. पुढच्या नळ्या आवळलेल्या असल्याने त्याला प्रत्येक ठोक्याला दुप्पट जोर करावा लागतो, शिवाय विषाचा मार त्याच्या स्नायूवरही बसतो. शेवटी ते रक्त पुढे ढकलू शकत नाही. मागे तुंबलेल्या रक्तातले पाणी फुप्फुसात पाझरू लागते. माणसाला धाप लागते, आडवे पडवत नाही, खोकला येतो आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागतो. कोरड्या जमिनीवर बसलेला माणूस आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडतो.

डॉक्टर याला हृदय निकामी होणे, म्हणजे हार्ट फेल्युअर म्हणतात. एरवी म्हातारपणी, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर जी अवस्था हळूहळू येते, तीच अवस्था लाल विंचू धडधाकट पोरावर काही तासांत आणतो. लहान मुलांना धोका जास्त, कारण विष तितकेच आणि अंग लहान.

घाटाखालचा दवाखाना

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकरी घरातले. 1976 च्या सुमारास ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. तेथे त्यांनी पाहिले की विंचूदंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावतात आणि ती नेमकी कशाने दगावतात हे पाठ्यपुस्तकात नीट लिहिलेले नाही. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम. डी. करून ते पुन्हा महाड भागातच परतले. मोठ्या शहरात बसण्याची वाट मोकळी असताना ते येथे आले, कारण त्यांचा प्रश्न येथे होता.

त्यांची पद्धत साधी होती. रुग्णाजवळ बसायचे आणि लिहायचे. दंश किती वाजता झाला, उलटी किती वाजता, घाम कधी सुटला, हातपाय कुठपर्यंत गार आहेत, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास किती. पुन्हा थोड्या वेळाने तेच. अशा पुष्कळ रुग्णांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर एक क्रम दिसू लागला. धाप लागण्याच्या आधी काही खुणा येत होत्या: उलटी, अंगभर घाम, तोंडाला लाळ, गार हातपाय, आणि पुरुषांत व मुलग्यांत लिंगाला आपोआप ताठरपणा. हे पुढे येणाऱ्या हृदयाच्या संकटाचे निरोप होते. 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले.

खूण कळली, आता उपाय हवा होता. त्या काळी अशा रुग्णाला ॲट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेची औषधे असे नाना प्रकारचे उपचार होत. ॲट्रोपिनने तर आधीच धावणारी नाडी आणखी धावे. बावस्करांनी विचार केला की त्रासाचे मूळ जर आवळलेल्या नळ्यांत आहे तर त्या सैल केल्या पाहिजेत. प्रथम त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाईनमधून वापरले. त्याने बुडत चाललेली माणसे वाचली, पण ते थेंबाथेंबाने, सारखा रक्तदाब मोजत द्यावे लागते. थोडे जास्त गेले तर रक्तदाब कोसळतो. प्रत्येक खेड्यात ते कसे जमणार?

मग त्यांनी प्राझोसिनकडे पाहिले. ही रक्तदाबाची गोळी. तोंडाने घ्यायची, किंमत थोडी, आणि काम नेमके तेच: ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सोडवणे. म्हणजे बंद झालेला व्हॉल्व्ह उघडणे. 1986 साली या गोळीचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला. त्यांच्या लेखांतील आकड्यांप्रमाणे, या गोळीच्या आधी गंभीर विंचूदंशाच्या शंभरांतले तिसाच्या आसपास रुग्ण दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. 2022 साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली.

तुलनेचा वाफा

येथे एक प्रश्न कोणीही शेतकरी विचारील. ‘साहेब, आमच्या आळीत विंचू उतरवणारा आहे. त्याच्याकडे गेलेले शंभरातले पंचाण्णव बरे होतात. मग त्याचे काय चुकले?’

उत्तर आपल्या शेतातच आहे. नवीन भाताचे बियाणे चांगले की जुने, हे ठरवताना आपण काय करतो? एकाच शेतात, एकाच मगदुराच्या जमिनीत दोन्ही लावतो. नवीन एकटेच लावले आणि पीक चांगले आले, तर ते बियाण्याने आले की त्या वर्षीच्या पावसाने आले, हे सांगता येत नाही. शेजारी तुलनेचा वाफा हवा. आणि कोणता वाफा कोणाला, हे मनाने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवले पाहिजे, नाहीतर आपण नकळत आवडत्या बियाण्याला चांगली जमीन देतो. ही चिठ्ठी टाकण्याची रीत इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात पक्की केली. शेतातली ही रीत पुढे डॉक्टरांनी उचलली. 1948 साली निकाल छापून आलेली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी याच रीतीने झाली. वैद्यकशास्त्राला ही देणगी शेतीने दिली आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

विंचू उतरवणाऱ्याकडे तुलनेचा वाफा नसतो. बहुतेक विंचूदंश नुसते दुखतात आणि काही न करताही उतरतात. त्या सर्वांचे श्रेय मंत्राला जाते. जे थोडे दगावतात त्यांच्याबद्दल ‘आयुष्य तेवढेच होते’ असे म्हटले जाते.

महाडच्या डॉक्टरांनी मात्र वाफा लावला. विंचवाच्या विषावर घोड्यांपासून तयार केलेली लस, म्हणजे प्रतिविष, मुंबईत हाफकिनमध्ये होऊ लागले होते. नुसती प्राझोसिनची गोळी बरी, की गोळी आणि प्रतिविष दोन्ही बरे, हा प्रश्न होता. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी घाम, उलटी, गार हातपाय अशी लक्षणे असलेले 70 रुग्ण घेतले आणि चिठ्ठीच्या रीतीने त्यांचे 35-35 चे दोन गट केले. दहा तासांनंतर पाहिले तेव्हा गोळी आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण पूर्ण सावरले होते, तर नुसती गोळी मिळालेल्या 35 पैकी 8 जण. ही चाचणी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. महाडसारख्या तालुक्याच्या गावी झालेली चाचणी जगभरचे डॉक्टर वाचतात, ती त्या वहीतल्या नोंदींमुळे.

चाचणी का करावी लागते याचे आणखी एक उदाहरण सांगतो. ज्या 1986 साली महाडची प्राझोसिनची हकिकत ‘लॅन्सेट’मध्ये आली, त्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ हृदय दुबळे झालेल्या 642 पुरुषांवर ती झाली. एका गटाला हीच प्राझोसिन दिली, दुसऱ्याला रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या दुसऱ्या दोन औषधांची जोडी, तिसऱ्याला औषध नसलेली दिखाऊ गोळी. औषधांच्या जोडीचा उपयोग दिसला. प्राझोसिनच्या गटात मात्र दिखाऊ गोळीपेक्षा जास्त माणसे जगली नाहीत. म्हणजे विंचवाने काही तासांत खचवलेल्या हृदयाला जी गोळी तारते, तीच वर्षानुवर्षे थकलेल्या हृदयाला तारत नाही. नुसत्या तर्काने हे कोणालाही सांगता आले नसते. भाताला मानवलेले खत भुईमुगाला मानवेलच असे नाही, तसेच हे.

कळ थांबली म्हणजे विष उतरले असे नव्हे

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. महाडच्या नोंदींतून एक उलटी खूण पुढे आली आहे आणि ती प्रत्येक घराने पाठ करून ठेवावी.

ज्या रुग्णाला दंशाच्या जागी असह्य कळ आहे, तो ओरडतो आहे, पण अंग कोरडे आहे, हातपाय गरम आहेत आणि उलटी नाही, त्याचे विष बहुधा अंगभर पसरलेले नाही. त्याला वेदना आहे, जिवाला धोका कमी आहे. ज्याला कळ फारशी नाही, पण कपडे भिजतील इतका घाम आहे, उलट्या होत आहेत, हातपाय बर्फासारखे आहेत, त्याला खरा धोका आहे. आणि उपचारानंतर तो सावरू लागला की दंशाच्या जागी कळ पुन्हा उठते. डॉक्टर त्या कळीची वाट पाहतात.

आपल्याकडे याच्या उलट समज आहे. शिवारफेरीत डोंगरकपारीच्या वस्त्यांवर ऐकलेल्या दोन हकिकती सांगतो. एका घरी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी खळ्यावर दंश झाला. तो खूप रडला, मग शांत झाला. घरच्यांना वाटले, उतरले. घाम आला तो रडण्याने आला असे समजून त्याला पांघरूण घालून निजवले. मध्यरात्री त्याला धाप लागली तेव्हा पोराला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत येण्यातच वेळ गेला. ते पोर वाटेत गेले. दुसऱ्या वस्तीवर सून गंजीतून पेंढा काढत होती. तिला दंश झाला, अर्ध्या तासात एक उलटी झाली. सासऱ्याने भगताला बोलावणे पाठवले नाही. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला थेट सरकारी दवाखान्यात नेले. रात्रभर गोळ्या आणि देखरेख, दुसऱ्या संध्याकाळी ती घरी. दोन्ही घरे गरीब, दोन्ही सडकेपासून लांब. फरक पडला तो उलटी आणि घाम यांकडे कोणी कसे पाहिले यात.

दंश झाल्यावर काय करावे

पहिले काम घड्याळ पाहण्याचे. दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवा, जमल्यास कागदावर लिहा. पहिली उलटी, घाम, गार हातपाय यांची वेळही लिहा. डॉक्टरला या चिठ्ठीचा उपयोग कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त होतो.

दुसरे काम निघण्याचे. कळ किती आहे यावर थांबू नका. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. मोठ्या माणसातही घाम, उलटी, लाळ, गार हातपाय किंवा धाप यांपैकी एकही खूण दिसली तर उशीर करू नका. 108 ला फोन करा. गाडी वस्तीपर्यंत येत नसेल तर रुग्णाला चालवू नका, डोलीतून किंवा उचलून सडकेवर आणा. भोरचे उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा त्याआधी लागणारे प्राथमिक आरोग्य केंद्र, जे जवळ असेल तेथे जा. पावसाळ्यात वरंधा घाटाची वाट पुष्कळदा वाहतुकीला बंद असते, तेव्हा घाटमाथ्यावरच्या गावांनी भोरची वाट धरावी.

वाटेत रुग्णाला स्वस्थ आडवे ठेवा. धाप लागत असेल तर मात्र आडवे पाडू नका, पाठीला टेका देऊन बसवा. दंशाची जागा धुवून त्यावर गार पाण्याची घडी ठेवली तर कळ थोडी कमी वाटते.

काय करू नये तेही सांगतो. जागा कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. रॉकेल, चुना, परमँगनेट लावू नका. चिंचोका चिकटवल्याने किंवा आघाड्याचे मूळ फिरवल्याने हृदय सावरत नाही. दारू पाजू नका. मंत्र म्हणणारे घरचेच कोणी असेल आणि मनाला धीर वाटत असेल तर त्यांनी गाडीत बसून म्हणावेत, गाडी थांबवू नये.

प्राझोसिनची गोळी स्वस्त आहे म्हणून ती घरात आणून ठेवू नका. ज्याला नुसती कळ आहे त्याला ती नको असते. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते. मूल रडते म्हणून त्याला कडेवर उभे धरले तरी ते बेशुद्ध पडू शकते. हातपाय गरम होईपर्यंत डॉक्टर ठरावीक तासांनी गोळी पुन्हा देतात आणि दर वेळी नाडी, रक्तदाब, श्वास पाहतात. औषधाइतकीच ही देखरेख कामाची. बरे वाटले म्हणून रुग्णाला मध्येच उठवून घरी आणू नका.

गावाने करायचे कामही आहे. कापणीच्या आधी आणि उन्हाळ्यात ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाचे प्रतिविष शिल्लक आहे काय? खताचा साठा आपण विचारतो, तसाच हा साठा विचारावा. आशाताईंकडून ही लक्षणे वस्तीवस्तीवर समजावून घ्यावीत.

आणि दंश टाळणे तर आपल्याच हाती आहे. पेंढा, सरपण, शेणी हाताने न ओढता आधी काठीने हलवा. गंजी घराच्या भिंतीला टेकून लावू नका. चपला, घोंगडी, पोरांचे कपडे झटकून वापरा. लहान मुलांना भुईवर न निजवता बाजेवर निजवा आणि बाज भिंतीपासून दूर ठेवा. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. जांभळ्या अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी बाजारात मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री गोठ्यात जाणाऱ्याने ती जवळ ठेवली तर पैसे वाया जाणार नाहीत.

सावकाश थकणारे हृदय

विंचवाने जे काही तासांत होते तेच पुष्कळ घरांत सावकाश होत असते आणि तेथेही खुणा आधी दिसतात. हृदय निकामी होणे म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, आणि हृदयविकाराचा झटकाही नव्हे. पंप चालू असतो, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. जुना झटका, न सांभाळलेला रक्तदाब, लहानपणीच्या सांधेज्वराने बिघडलेली हृदयाची झडप, ही त्याची नेहमीची कारणे.

यावर आज चांगली औषधे आहेत. त्यांतल्या एका जातीच्या औषधाचा उगम ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनात आहे. त्या जातीच्या एनालॅप्रिल या गोळीची चाचणी उत्तर युरोपात 253 अत्यवस्थ रुग्णांवर झाली. 1987 साली निकाल आला तेव्हा दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतले शंभरी 44 जण सहा महिन्यांत दगावले होते, तर एनालॅप्रिल घेणाऱ्यांतले 26. त्यानंतर आणखी औषधांची भर पडली आहे. पण आपल्या देशातील 53 रुग्णालयांनी मिळून 10,851 रुग्णांची जी नोंदवही तयार केली, तिच्यात असे आढळले की हृदयाचे आकुंचन कमजोर झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांना ठरलेली सगळी औषधे मिळत होती. कुठे ती लिहून दिली जात नाहीत, कुठे बरे वाटले म्हणून घरचेच बंद करतात.

या रुग्णाची देखरेख घरीच करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वही लागते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करून लिहावे. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढले तर ते अंगावर मास चढलेले नसते, ते साचलेले पाणी असते. पावलांवर आणि नडगीवर बोट दाबून खड्डा राहतो का पाहावे. पूर्वी एका उशीवर झोपणाऱ्याला आता दोन लागतात का, रात्री दम कोंडून उठतो का, रोजचा चढ चढताना मध्येच बसतो का, हे घरच्या माणसांनी पाहावे. यांतले काही वाढले तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नये, डॉक्टरकडे जावे. मीठ कमी करावे. पावसाळ्यात आपल्याकडे सुकट, बोंबील, लोणचे, पापड यांवर जेवण भागते. या रुग्णाच्या ताटात ते वाढू नये. औषध मनाने बंद करू नये.

विंचूदंशाची चिठ्ठी असो की म्हाताऱ्याच्या वजनाची वही, काम एकच आहे: वेळ आणि आकडा लिहून ठेवायचा आणि बदल दिसताच उठायचे. आपण पावसाचे मिलिमीटर लिहितो, दुधाचे लिटर लिहितो, मजुरांचे दिवस लिहितो. त्याच वहीत आणखी एक पान घरातल्या माणसांच्या प्रकृतीचे असावे. येत्या कापणीला खळ्यावर जाण्याआधी या लेखातली लक्षणे घरात मोठ्याने वाचून दाखवा. विशेषतः पोरांना सांगा, की विंचू चावला तर मार बसेल म्हणून लपवायचे नाही, लगेच सांगायचे.